संगणक-जाळ्याचा वेग आणि रुग्णाचा वेळ



रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात शस्त्रक्रिया, शिबिरे, औषधे आणि जमाखर्च यांची माहिती असावी, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. तीत संगणकाच्या तारांविषयी काही लिहावे, हे वाचकांस कदाचित विचित्र वाटेल. परंतु नोंदणीच्या खिडकीपुढे उभे असलेले आप्त आणि सढळ हाताने मदत करणारे देणगीदार या दोघांच्याही तोंडी एकच प्रश्न असतो : "संगणक आले, तरी कागद हातात पडायला इतका वेळ का लागतो?" या प्रश्नाचे उत्तर सोप्या शब्दांत द्यावे, आणि संस्थेचा पैसा अशा कामी कोठे खर्च व्हावा याविषयीची आमची भूमिका आपणांसमोर ठेवावी, या हेतूने हे विवेचन करीत आहोत.

विषयाचे प्रयोजन

आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव म्हणून गागोदे बुद्रुक हे पेण तालुक्यातील गाव सर्वांना परिचित आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबांचा जन्म येथे झाला. या गावापासून रोह्याच्या बाजूला पसरलेल्या खेड्यांतून आणि डोंगरालगतच्या वाड्यांतून जो रुग्ण दवाखान्यात येतो, तो बहुधा त्या दिवसाची मजुरी सोडून आलेला असतो. परतीची एस.टी. ठरलेली असते. रक्ततपासणीचा अहवाल अर्धा तास उशिरा मिळाला, तर त्याच्या दृष्टीने तो अर्धा तास नसतो; कित्येकदा संपूर्ण दुसरा दिवस असतो. पुन्हा भाडे, पुन्हा बुडालेली मजुरी, आणि अनेकदा "आता नकोच ते" असे म्हणून अर्धवट सोडलेला उपचार.

याहून नाजूक बाब जुन्या नोंदींची आहे. पावसाळा सरला की कातकरी समाजातील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामासाठी बाहेरगावी जातात आणि पावसाच्या तोंडाशी परत येतात. या सहा-सात महिन्यांच्या भटकंतीत केसपेपर हरवतो, भिजतो. गर्भवतीचे मागील रक्तप्रमाण, क्षयरुग्णाच्या औषधांचा इतिहास, लहान मुलाच्या लसींची नोंद या गोष्टी मग केवळ रुग्णालयाच्या संगणकातच उरतात. डॉक्टरांसमोर रुग्ण बसला असताना ती नोंद दोन-तीन सेकंदांत उघडली, तरच ती वाचली जाते. पडद्यावर नुसते चक्र फिरत राहिले, तर बाहेरची रांग पाहून डॉक्टर नवा कागद घेतात आणि पुढे जातात. नोंद असूनही नसल्यासारखी होते. संगणक-जाळ्याचा वेग हा आमच्या दृष्टीने सोयीचा प्रश्न नाही, उपचाराचा प्रश्न आहे, तो या अर्थाने.

जाळे दोन प्रकारचे

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. "नेट स्लो आहे" या एका वाक्यात आपण दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र करतो.

पहिली गोष्ट म्हणजे स्थानिक जाळे. नोंदणी, प्रयोगशाळा, क्ष-किरण विभाग, औषधालय, वॉर्ड आणि रोखपालाची खिडकी येथील संगणक तारांनी जोडून सर्व नोंदी जेथे साठविल्या जातात त्या सर्व्हर नामक मुख्य संगणकापर्यंत नेलेले असतात. ही सारी ये-जा इमारतीच्या आतच होते. दुसरी गोष्ट म्हणजे इंटरनेट, अर्थात इमारतीबाहेर जाणारा रस्ता. शासकीय योजनांचे काम याच रस्त्याने चालते. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड जिल्हा होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. या योजनेखालील शस्त्रक्रियेची पूर्वमंजुरी अंगीकृत रुग्णालयांना संगणकावरूनच कागदपत्रे पाठवून घ्यावी लागते.

ज्या रुग्णालयाचा सर्व्हर इमारतीतच आहे, तेथील खिडकीवर केसपेपर उशिरा निघत असेल, तर अधिक वेगाचे इंटरनेट घेऊन काहीही साधत नाही. तो कागद इंटरनेटवर जातच नाही. घरातील नळाला पाणी कमी येत असताना गावच्या धरणाची उंची वाढविण्यासारखा हा प्रकार होईल. म्हणून मंदपणा आतील रस्त्यावर आहे की बाहेरील, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावयाचा असतो.

अडथळा नाक्यावर असतो

मुंबई-गोवा महामार्गावर गणपतीच्या दिवसांत वडखळ नाक्याशी तासन्‌तास अडकून पडल्याचा अनुभव पेण-रोहा भागातील जुन्या प्रवाशांपैकी कोणास नाही? नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे रस्ता मोकळा असला, गाडी नवी असली, चालक कुशल असला, तरी प्रवासाचा वेळ ठरत असे तो त्या एका अरुंद जागेवर. संगणक-जाळ्याचेही नेमके असेच आहे. सर्व्हरपासून खिडकीपर्यंतच्या वाटेत जी जागा सर्वांत अरुंद, तिच्याहून अधिक वेग संपूर्ण वाटेला मिळत नाही. ती जागा न शोधता इतरत्र केलेला खर्च दिसतो मात्र छान, उपयोगी पडत नाही.

ही जागा शोधण्यास फार मोठी साधने लागत नाहीत. प्रत्येक संगणकात 'पिंग' नावाची एक छोटी आज्ञा असते. ती दिली की संगणक सर्व्हरला हाक मारतो आणि उत्तर येण्यास किती वेळ लागला ते सांगतो. तारेने जोडलेल्या सुस्थितीतील स्थानिक जाळ्यात हे उत्तर साधारणतः एक सहस्रांश सेकंदाच्या आत येते. ते विसाव्या किंवा शंभराव्या सहस्रांशाला येऊ लागले, अथवा शंभर हाकांपैकी काहींना उत्तरच आले नाही, तर वाटेत कोठेतरी बिघाड आहे हे निश्चित. हीच मोजणी प्रत्येक खिडकीवरून, एकदा सकाळी शांत वेळी आणि एकदा बाह्यरुग्ण विभागाची गर्दी ऐन भरात असताना करावी, आणि वहीत तारीख-वेळेसह लिहून ठेवावी. रुग्णाचा ताप उतरला की नाही, हे तक्त्यावरून कळते, हातावरून नाही. हे जाळ्यासही लागू आहे. सुधारणा करण्यापूर्वीचे आकडे नसतील, तर सुधारणा झाली हे कशाच्या आधारे म्हणणार?

थोडा हिशेब

या ठिकाणी थोडे अंकगणित मांडतो. जाळ्याचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि माहितीचे आकारमान मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. त्यामुळे आकारमानास आठाने गुणून वेगाने भागले की लागणारा वेळ मिळतो. छातीच्या एका डिजिटल क्ष-किरण चित्राचे आकारमान सुमारे १५ मेगाबाइट धरले, तर ते १२० मेगाबिट झाले. जुन्या, सेकंदाला १० मेगाबिट वेगाच्या जाळ्यावरून ते येण्यास १२ सेकंद लागतील. १०० मेगाबिटच्या जाळ्यावर सव्वा सेकंद. आणि १००० मेगाबिट, म्हणजे गिगाबिट जाळ्यावर जेमतेम सेकंदाचा आठवा भाग. सीटी स्कॅनचा एक छेद साधारण अर्ध्या मेगाबाइटचा असतो. असे ३०० छेद म्हणजे १५० मेगाबाइट. त्यांना अनुक्रमे दोन मिनिटे, १२ सेकंद आणि सव्वा सेकंद लागतील. प्रत्यक्षात वेळ याहून काहीसा अधिक लागतो, परंतु प्रमाण हेच राहते.

आता केसपेपरचा विचार करू. त्यात अक्षरे आणि आकडेच असतात. एका पानाची माहिती ५० किलोबाइटच्या आत सहज मावते. दहा मेगाबिटच्या जुन्या जाळ्यावरूनही ती सेकंदाच्या पंचविसाव्या भागात यावयास हवी. या हिशेबाचे तात्पर्य महत्त्वाचे आहे. क्ष-किरण चित्र उशिरा येत असेल, तर रस्ता अरुंद असण्याचा संभव आहे आणि तो रुंद करावा लागेल. परंतु साधा केसपेपरही अर्धा मिनिट घेत असेल, तर दोष रस्त्याच्या रुंदीत नाही. तेथे खड्डा आहे, कोंडी आहे किंवा पलीकडचा सर्व्हरच दमलेला आहे. या दोन आजारांची औषधे वेगवेगळी आहेत.

तारेतील दोष

आज इमारतींमधून सर्रास वापरली जाणारी जाळ्याची तार बाहेरून एक दिसली, तरी तिच्या आत तांब्याच्या आठ बारीक तारा, म्हणजे पिळाच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटच्या वेगास दोन जोड्या पुरतात. गिगाबिट वेगास चारही जोड्या लागतात. उंदराने एखादी तार कुरतडली, टोकाच्या जोडणीस दमट हवेने गंज चढला किंवा टेबल सरकविताना तार खुर्चीच्या पायाखाली चेपली, की जाळे बंद पडत नाही; ते निमूटपणे खालच्या वेगावर उतरते. म्हणूनच हा दोष लक्षात येत नाही. सर्व दिवे लागलेले असतात, काम चालू असते, केवळ दहा पटींनी मंद. कोकणातील चार महिन्यांच्या पावसात जोडण्यांची ही झीज अधिक होते. पावसाळा संपताच छपराची कौले तपासावीत, तशा या जोड्याही तपासाव्यात, असे आमचे मत झाले आहे. तार तपासण्याचे छोटे यंत्र आणि काही नवी टोके, एवढ्यावर हे काम भागते.

आणखी दोन पथ्ये आहेत. अशी तार एका सलग लांबीत १०० मीटरच्या पुढे नेऊ नये, आणि ती विजेच्या जाड तारांना लगटून नेऊ नये. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जावयाचे असेल, तर तांब्याऐवजी काचतंतूची, म्हणजे ऑप्टिकल फायबरची तार घालावी. तीत प्रकाश वाहतो, वीज वाहत नाही. त्यामुळे वळवाच्या पावसात वीज पडली, तर तिचा धक्का त्या तारेवाटे दुसऱ्या इमारतीतील यंत्रांपर्यंत पोहोचत नाही.

तारा जेथे एकत्र येतात, त्या पेटीचेही दोन प्रकार आहेत. जुन्या पेटीस हब म्हणत. एका संगणकाने पाठविलेली माहिती हब सर्वांनाच पाठवी आणि एका वेळी एकच संगणक बोलू शके. दोघे एकदम बोलले, तर दोघांचेही बोलणे वाया जाई. १९७३ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी ज्या इथरनेट पद्धतीची कल्पना मांडली, तिचे मूळ रूप असेच एका सामाईक तारेवर बोलण्याचे होते. आताची पेटी म्हणजे स्विच. ती पत्रावरील पत्ता पाहून ज्याचे त्यालाच पोहोचविते, आणि इतरांची बोलणी त्याच वेळी चालू राहतात. जुन्या इमारतींतून अजूनही माळ्यावर किंवा कपाटामागे एखादा हब टिकून असतो. तो काढून त्या जागी गिगाबिट स्विच बसविणे, हा अल्प खर्चातील मोठा उपाय आहे. त्याचप्रमाणे एका स्विचला दुसरा, दुसऱ्याला तिसरा अशी साखळी वाढवीत न जाता प्रत्येक विभागाचा स्विच शक्यतो थेट मुख्य स्विचला जोडावा. साखळीच्या शेवटच्या वॉर्डातील बोलणे अन्यथा सर्वांच्या गर्दीतून वाट काढत येते.

बोस्टनमधील चार दिवस

स्विचच्या मांडणीकडे दुर्लक्ष झाल्यास काय होऊ शकते, याचे उदाहरण म्हणून अमेरिकेतील बोस्टन शहरातील बेथ इस्रायल डीकोनेस मेडिकल सेंटर या नामवंत रुग्णालयाचा दाखला जगभर दिला जातो. नोव्हेंबर २००२ मध्ये तेथील संगणक-जाळे सुमारे चार दिवस कोलमडले. पैशाची किंवा तज्ज्ञांची तेथे वाण नव्हती. परंतु वर्षानुवर्षे स्विचला स्विच जोडत जाळे वाढत गेले होते, आणि एका संशोधन-प्रणालीने एकाएकी मोठ्या प्रमाणावर माहितीचा ओघ सोडताच ते त्या भाराखाली दबले. माहिती एकाच वर्तुळात पुनःपुन्हा फिरू लागली आणि खऱ्या कामास वाट उरली नाही.

अशा वर्तुळी फेऱ्या रोखण्यासाठी स्विचमध्ये एक योजना असते. तिचा पाया रेडिया पर्लमन या संगणकशास्त्रज्ञ महिलेने १९८५ च्या सुमारास घातला. मात्र ही योजना ठरावीक पसाऱ्यापुरतीच विश्वासाने काम करते. बोस्टनमध्ये पसारा त्या मर्यादेपलीकडे गेला होता. त्या दिवसांत तेथील डॉक्टर आणि परिचारिका कागद-पेनाकडे परतले. तपासण्यांचे अहवाल माणसांनी धावत पोहोचविले. रुग्णालयाच्या माहितीविभागाचे प्रमुख जॉन हलाम्का यांनी ही सर्व हकिकत लपवून न ठेवता इतर रुग्णालयांच्या उपयोगासाठी जाहीरपणे मांडली.

लहान रुग्णालयात असा प्रसंग याहून साध्या कारणाने ओढवू शकतो. साफसफाईनंतर लोंबत असलेले तारेचे टोक कोणी सद्भावनेने त्याच स्विचच्या रिकाम्या खाचेत बसवितो, आणि काही क्षणांत संपूर्ण जाळे ठप्प होते. यासाठी दोन गोष्टी कराव्यात. स्विच विकत घेताना वर्तुळ ओळखून ते तोडण्याची सोय असलेला घ्यावा. आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांस क्रमांकाची चिठ्ठी लावून त्याचा नकाशा भिंतीवर टांगावा. शिवाय बोस्टनचा तिसरा धडा असा की, कोरे छापील केसपेपर आणि अहवालाचे नमुने सदैव कपाटात असावेत. जाळे बंद पडले तरी रुग्णसेवा बंद पडता कामा नये.

बिनतारी जोडणी

हल्ली वाय-फायची सोय सर्वत्र झाल्यामुळे "तारा हव्यातच कशाला?" असे विचारले जाते. वाय-फाय उपयुक्त आहे, परंतु त्याचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. एका वाय-फाय यंत्राभोवतीची सर्व उपकरणे एकाच हवेत बोलतात आणि एका वेळी एकालाच बोलता येते. दूर कोपऱ्यातील क्षीण संदेशाचे उपकरण सावकाश बोलते आणि तेवढा वेळ इतरांना थांबावे लागते. सर्वाधिक प्रचारातील २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे मार्ग सामान्यतः तीनच मिळतात : १, ६ आणि ११. शेजारशेजारची यंत्रे एकाच मार्गावर असतील, तर ती एकमेकांच्या बोलण्यात अडथळा आणतात. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात मार्ग अधिक आहेत, परंतु जाड भिंतीपलीकडे त्याची पोहोच कमी. क्ष-किरण खोलीच्या शिसे लावलेल्या भिंती तर बिनतारी संदेश जवळजवळ अडवूनच धरतात.

म्हणून नियम साधा आहे : जे संगणक जागेवरून हलत नाहीत, म्हणजे नोंदणी, प्रयोगशाळा, क्ष-किरण, औषधालय आणि रोखपाल, त्यांना तारच द्यावी. वॉर्डातून फिरणाऱ्या परिचारिकेच्या हातातील उपकरणास वाय-फाय द्यावे. आप्तांच्या मोबाइलसाठी सोय करावयाची असल्यास ती वेगळ्या जाळ्यावर असावी. कारण वेगाइतकाच तेथे रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा प्रश्न आहे.

बिनतारी जोडणीचा विचारपूर्वक केलेला उपयोग तामिळनाडूतील थेनी येथील अरविंद नेत्र रुग्णालयाने दाखवून दिला. २००६ च्या सुमारास बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांच्या सहकार्याने खेड्यांतील नेत्रतपासणी केंद्रे दीर्घ पल्ल्याच्या वाय-फायने रुग्णालयास जोडण्यात आली आणि खेड्यातील रुग्ण पडद्यावरून डॉक्टरांशी बोलू लागला. साधे वाय-फाय लांब पल्ल्यावर मंदावते, कारण प्रत्येक संदेशाची पोच परत येण्याची वाट पाहण्यात वेळ जातो. संशोधकांनी बोलण्याच्या पाळ्या ठरवून देऊन हा दोष दूर केला. पुढे त्यांनी नोंदविलेला अनुभव आम्हांस अधिक बोलका वाटतो : जाळे बंद पडण्याची बहुतेक कारणे बिनतारी तंत्रातील नव्हतीच; ती विजेच्या दर्जातील होती. कमी-अधिक दाबामुळे यंत्रे जळत किंवा अडकून बसत.

वीज, सर्व्हर आणि कामाच्या वेळा

हा अनुभव आपल्या भागासही पूर्णपणे लागू पडतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा जिल्ह्यातील अनेक गावे कित्येक दिवस विजेविना होती. अशी आपत्ती नित्याची नसली, तरी पावसाळ्यात वीज येणे-जाणे नित्याचे आहे. संगणकास यूपीएस दिला, परंतु स्विचला दिला नाही, तर वीज गेल्याक्षणी संगणक चालू असूनही जाळे तुटते. जनित्र सुरू झाल्यावर प्रत्येक स्विच पुन्हा जागा होईपर्यंत खिडकीवरील काम थांबते. म्हणून प्रत्येक स्विचला छोटा यूपीएस आणि संपूर्ण व्यवस्थेस योग्य अर्थिंग ही चैनीची बाब नाही.

जाळे निर्दोष असूनही काम मंद असेल, तर दृष्टी सर्व्हरकडे वळवावी. येथे एक उपयुक्त खूण सांगतो. लहान-मोठ्या प्रत्येक कामास आरंभी तेवढाच, काही ठरावीक सेकंदांचा थांबा लागत असेल आणि नंतर सर्व भराभर होत असेल, तर संगणकास बहुधा सर्व्हरचा पत्ता शोधण्यात वेळ जात आहे. ती नोंद दुरुस्त केली की दोष जातो. जुन्या रुग्णांचे नाव शोधण्यासच वेळ लागत असेल, तर नोंदींची अनुक्रमणिका तयार केलेली नसावी. अनुक्रमणिका नसलेल्या ग्रंथात एक शब्द शोधण्यास प्रत्येक पान उलटावे लागते. सर्व्हरही तेच करीत असतो. सर्व्हरमधील फिरत्या चकतीच्या जागी आजची एसएसडी बसविल्यानेही मोठा फरक पडतो.

त्याबरोबर वेळापत्रकाची शिस्त हवी. दिवसभराच्या नोंदींची सुरक्षा-प्रत काढणे, संगणकप्रणालीच्या नव्या सुधारणा उतरवून घेणे, क्ष-किरण चित्रे साठवणीत हलविणे ही जड कामे रात्री व्हावीत. सकाळी दहा ते एक या वेळात रस्ता रुग्णांसाठी मोकळा असावा. या उपायास एक रुपयाही लागत नाही.

वारणेचा धडा

वेग वाढविण्यापूर्वी गरज तपासावी, हे शिकविणारे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. १९९८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथील सहकारी संस्थांच्या परिसरात, सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्याचा 'वारणा वायर्ड व्हिलेज' हा त्या काळी गाजलेला प्रकल्प सुरू झाला. काही वर्षांनी बंगळूरच्या संशोधकांनी गावोगावच्या केंद्रांवर प्रत्यक्ष काय काम होते, ते पाहिले. शेतकरी मुख्यतः ऊस किती वजनाचा भरला आणि खात्यात किती जमा झाले, एवढेच विचारावयास येत होता. एवढी माहिती मोबाइलवरील छोट्या संदेशातही मावत होती. तेव्हा सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलसंदेशाचा प्रयोग करण्यात आला आणि तो उपयुक्त ठरला. आपणही प्रत्येक विभागास विचारले पाहिजे : तुम्हांस दिवसातून किती वेळा, काय आणि किती लवकर हवे आहे? क्ष-किरण विभागास रुंद रस्ता हवा. औषधालयास अरुंद पण अखंड रस्ता पुरे.

देणगीचा विनियोग

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. देणगीदारांस नवा संगणक देणे आवडते, आणि त्यात गैर काही नाही. संगणक दिसतो, त्यावर नाव लिहिता येते, त्याचे छायाचित्र अहवालात छापता येते. भिंतीतली तार, कपाटातला स्विच आणि बाकाखालचा यूपीएस यांवर कोणाचे नाव लिहिणार? परंतु वरील विवेचनावरून आपल्या ध्यानात येईल की, अडलेल्या नाक्याआधी आणखी दहा गाड्या उभ्या केल्याने प्रवास लवकर होत नाही. उलट कोंडी वाढते. जाळे सुधारण्यापूर्वी दिलेला नवा संगणक म्हणजे त्याच अरुंद रस्त्यावरचा आणखी एक वाटेकरी होय.

धर्मादाय रुग्णालयांवर याबाबत एक अधिकची जबाबदारी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवावयाच्या असतात, तसेच देयकांच्या एकूण रकमेच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. कोणती खाट आज रिकामी आहे आणि निधीत किती शिल्लक आहे, हे खिडकीवरील कर्मचाऱ्यास तत्क्षणी दिसले, तर दारात आलेल्या गरजूस तत्क्षणी उत्तर मिळते. माहिती येईपर्यंत "थोडे थांबा" म्हणावे लागले, तर ज्याला हक्काने मागण्याची सवय नाही, असा माणूस संकोचून निघून जाण्याची भीती असते.

म्हणून आम्ही विश्वस्त मंडळापुढे कामाचा पुढील क्रम ठेवीत आहोत. प्रथम मोजणी आणि नकाशा. त्यानंतर सदोष तारा आणि जोडण्या बदलणे, जुने हब काढणे, स्विचची मांडणी सुधारणे. मग स्विचना यूपीएस आणि अर्थिंग, इमारतींमध्ये काचतंतूची तार. पुढे सर्व्हरची साठवण आणि अनुक्रमणिका. प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा मोजणी करून आकडे वहीत नोंदवावेत. एवढे झाल्यावरही गरज उरली, तर अधिक वेगाचे इंटरनेट आणि सर्वांत शेवटी नवे संगणक. या क्रमातील पहिली कामे सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत गुणकारी आहेत.

रुग्णांच्या आप्तांस आमची एक विनंती आहे. खिडकीवर विलंब झाला, तर तो किती वाजता, कोणत्या खिडकीवर आणि कोणत्या कागदासाठी झाला, हे तेथील अभिप्रायवहीत अवश्य लिहावे. आपली एक ओळ आम्हांस दोष शोधण्यास मदत करील.

देणगीदारांस विनंती अशी की, आपल्या दानाचा काही अंश अशा न दिसणाऱ्या कामासाठी राखून ठेवण्याची मोकळीक विश्वस्त मंडळास द्यावी. त्या दानाची पाटी कोठे लागणार नाही, हे खरे. परंतु रोह्याच्या बाजूची एखादी बाई आपल्या बाळाचा अहवाल हाती घेऊन संध्याकाळची एस.टी. गाठील, तेव्हा त्या दानाचे सार्थक झालेले असेल.